कंबरेचे मणके : प्रतिकृतीवरून अभ्यास

दिल्लीत १९५६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शरीररचना शिकविताना पृष्ठवंशाच्या प्रतिकृती वापरतात. कंबरेतील पाच मणक्यांची प्रतिकृती हाती घेऊन फिरवून पाहावी. सपाट आकृतीत न उमगणारी गोष्ट तीत उमगते. प्रौढाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशीच संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा, घोड्याच्या शेपटासारखा, झुबका असतो. मस्तिष्कावरणदाहाच्या निदानासाठी पाठीतून द्रव काढताना सुई तिसऱ्या मणक्याच्या खालीच का घालतात, हे येथे कळते. तेथे रज्जू नसतो, आणि सुटे तंतू सुईपुढून सहसा बाजूस सरकतात. नवजात बालकाचा रज्जू मात्र तिसऱ्या मणक्यापर्यंत उतरलेला असतो. आणि बहुतेक प्रतिकृती असतात प्रौढाच्या!