पोत्यावरची प्रथिने, पोटातली ऊर्जा

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास मी म्हशीच्या दुधाचा रतीब घालतो. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या एका काकूंनी दारातच पातेलं पुढं धरलं. "दादा, पाणी पडतंय का ह्यात?" दुधात पाण्याचा थेंब नव्हता. पण लॅक्टोमीटरला डिग्री लागत नव्हती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) उतरलं होतं, दूध आटत चाललं होतं आणि पंढरपुरी म्हशी माजावर येईनात.

ज्वारीचा कडबा महागला म्हणून गव्हाचं काड आणि नवीन पशुखाद्य सुरू केलं होतं. पोत्यावर 'प्रथिने 20 टक्के' असं ठळक छापलेलं. नमुना तपासून घेतला, तर तो आकडा बरोबर निघाला! मात्र तंतू जास्त, वाळू जास्त, आणि प्रथिनांतला बराचसा नत्र युरियाचा. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणतात. त्यामुळे 100 किलोत एक किलो युरिया मिसळला, की प्रथिने जवळजवळ 3 टक्क्यांनी वाढलेली दिसतात. युरियातून जनावराला ऊर्जा मिळत नाही, वाळूतून तर नाहीच.

ऊर्जेचा हिशेब टीडीएनवर, म्हणजे एकूण पचनीय घटकांवर धरतात. चारेकशे किलोच्या म्हशीला नुसतं शरीर सांभाळायला रोज सुमारे सव्वातीन किलो टीडीएन लागतं. 7 फॅटच्या दर लिटरमागे साधारण 450 ग्रॅम वेगळं. आठ लिटरची म्हैस म्हणजे जवळपास सात किलो. ती दिवसाला 12 किलो कोरडा चारा-खाद्य खाते. त्यात सरासरी 50 टक्केच टीडीएन असेल तर सहा किलो मिळतं. उरलेला एक किलो ती आधी अंगातून काढते, मग दुधातून. पोट भरलेलं असतं, रवंथ चालू असतो, म्हणून गोठ्यात काही कळत नाही.

चारा घेतानाही भाव पाण्यासकट धरू नका. समजा, हिरवा मका 4 रुपये किलो आणि कडबा 12 रुपये. मक्यात कोरडा भाग 20 टक्के धरला, तर कोरडा किलो 20 रुपयांना पडतो; कडबा मुळातच जवळजवळ कोरडा, म्हणून त्याचा तेरा-साडेतेराला. कडब्याचं टीडीएन 52 टक्के आणि मक्याचं 62 धरलं, तरी पचनीय किलो कडब्यातून 26 रुपयांच्या आत, मक्यातून 32 च्या पुढं. हिरव्याचं जीवनसत्त्व हवंच, म्हणून थोडा मका द्यावा. पण स्वस्त ऊर्जेसाठी आपल्या मालदांडी ज्वारीच्या कडब्याला सोलापुरात सहसा तोड नाही. हाच हिशेब सरकी पेंडीला, भरड्यालाही लावा.

घरच्या घरी एवढं तरी करा: मूठभर खाद्य पाण्याच्या ग्लासात ढवळा, वाळू खाली बसते. दाट थर दिसला तर तीन-चार पोत्यांतला एकत्र नमुना प्रयोगशाळेत द्या. प्रथिनांबरोबर तंतू, राख आणि युरियाही तपासायला सांगा. आणि दुकानात प्रथिनांच्या आधी टीडीएन विचारा. त्याचं उत्तर मिळत नसेल, तर ते पोतं घेऊ नका.