'हार्ड' की 'हार्डली'? इंग्रजीतील क्रियाविशेषणांचा गोंधळ



इंग्रजी शिकवताना आपण एक सूत्र देतो: विशेषणाला 'ली' जोडा, झालं क्रियाविशेषण! क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली. सूत्र सोपं आहे, पण अपुरं आहे. वडिलांच्या कष्टांवर निबंध लिहिताना एखादं मूल याच सूत्राने 'माय फादर वर्क्स हार्डली' असं लिहितं. 'हार्डली' म्हणजे 'जेमतेम, क्वचितच'. मुलाला सांगायचं होतं की बाबा खूप राबतात, वाक्य मात्र उलटंच काहीतरी सुचवतं. चूक एका प्रत्ययाची, पण अर्थच फिरला.

आधी मराठीकडे पाहू. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते'. इथे 'चांगला' हा शब्द गाण्याबद्दल सांगतो, पण रूप विशेषणाचंच आहे आणि ते लिंगानुसार बदलतंही. म्हणूनच आपली मुलं सहज 'शी सिंग्ज गुड' म्हणतात. प्रमाण इंग्रजीत तिथे 'वेल' हवं: 'शी सिंग्ज वेल'. मुलांना रागावण्याऐवजी हा फरक दोन्ही भाषांत शेजारी शेजारी लिहून दाखवा, लगेच कळतो.

आता 'ली'शिवायची क्रियाविशेषणं. ती अशुद्ध नाहीत, फार जुनी आहेत. जुन्या इंग्रजीत अनेक विशेषणांच्या शेवटी 'ए' हा स्वर लावून क्रियाविशेषण होत असे. पुढे तो स्वर गळला आणि दोन्ही रूपं सारखीच दिसू लागली. 'फास्ट' हे त्याचं उत्तम उदाहरण. 'अ फास्ट ट्रेन' आणि 'रन फास्ट', दोन्ही बरोबर. 'फास्टली' मात्र प्रमाण इंग्रजीत चालत नाही. 1762 साली रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात अशा वापराला अयोग्य ठरवलं. तरीही लोकांच्या बोलण्यातून तो गेला नाही.

रस्त्यावरची 'ड्राइव्ह स्लो' ही पाटी म्हणूनच चूक नाही. परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात मात्र 'ड्राइव्ह स्लोली' लिहायला सांगा. आणि क्रियापदाच्या आधी शब्द आला तर 'ली' हवाच: 'ही स्लोली ओपन्ड द डोअर'. इथे नुसतं 'स्लो' चालणार नाही.

काही जोड्यांचे अर्थच वेगळे आहेत. त्या वहीत लिहून घ्या:

• हार्ड – कष्टाने, जोरात. हार्डली – जेमतेम
• लेट – उशिरा. लेटली – अलीकडे
• निअर – जवळ. निअरली – जवळजवळ
• हाय – उंच. हायली – अत्यंत

'ही केम लेट' म्हणजे तो उशिरा आला. 'आय हॅव नॉट सीन हिम लेटली' म्हणजे अलीकडे तो मला दिसलेला नाही.

याच्या उलट चूकही होते. 'द आमटी स्मेल्स नाइसली' असं मुलं लिहितात, कारण क्रियापदानंतर 'ली' हवाच असं त्यांना वाटतं. इथे एक युक्ती सांगा. क्रियापद काढून तिथे 'इज' घाला. 'द आमटी इज नाइस' हे वाक्य जमतं ना? मग विशेषणच ठेवा: 'स्मेल्स नाइस'. लुक, फील, टेस्ट, साउंड यांनाही हीच कसोटी लावा. पण 'शी लुक्ड ॲट मी' इथे पाहण्याची क्रिया आहे, 'इज' घालून अर्थ लागत नाही; म्हणून 'शी लुक्ड ॲट मी अँग्रिली'.

आणखी एक सापळा: फ्रेंडली, लव्हली, लोनली. शेवटी 'ली' असूनही ही विशेषणं आहेत. 'ही टॉक्ड फ्रेंडली' ऐवजी 'ही टॉक्ड इन अ फ्रेंडली वे' म्हणावं.

पालकांसाठी घरचा सराव: जेवताना मुलांना रोज दोन वाक्यं बोलायला लावा, एक पदार्थाबद्दल ('द भाजी टेस्ट्स गुड') आणि एक क्रियेबद्दल ('आई कुक्स वेल'). पंधरा दिवसांत फरक जाणवू लागेल.

शिक्षकांना एकच विनंती. 'ली' नाही म्हणून लाल रेघ मारण्याआधी मुलाला विचारा, "हा शब्द कोणाबद्दल सांगतो? माणसाबद्दल, वस्तूबद्दल, की क्रियेबद्दल?" उत्तर त्यालाच शोधू द्या. स्वतः शोधलेला नियम मूल सहसा विसरत नाही.