सायकल घेण्याआधी, आपल्या दोघींतलं

तू पाठवलेले सायकलींचे फोटो पाहिले. निळी मलाही आवडली. पण पैसे भरण्याआधी जरा निवांत बोलूया. गिअर किती, सूट किती, हे दुकानात सगळेच सांगतात. तुझी उंची आणि तुझं वजन फार थोडे जण विचारतात. खरं तर निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

आधी चालवणार कुठे ते बघ. बोळिंजहून निघालीस की आगाशी, अर्नाळा, राजोडीपर्यंत वाड्यांमधले डांबरी रस्ते आणि शेवटी वाळू. डोंगर हवा असेल तर विरारचा उड्डाणपूल ओलांडून महामार्गाला लागायचं आणि तुंगारेश्वर फाट्यावरून आत वळायचं. म्हणजे कच्ची वाट लागेपर्यंत बराच वेळ काँक्रीटच. मग देवळाकडे जाणारा दगडगोट्यांचा रस्ता, मधे ओढे, पुढे चढ. म्हणून हार्डटेलचा तुझा विचार मला मनापासून पटला. पुढे शॉक, मागे सरळ घट्ट फ्रेम. चढावर पायातला जोर वाया जात नाही, वजन कमी राहतं, आणि मागे सांधे नसल्यामुळे आपल्या खाऱ्या हवेत खराब व्हायला जागाही कमी. दोन्हीकडे शॉक असलेली स्वस्तातली सायकल कुणी गळ्यात मारायला लागलं, तर सरळ नाही म्हण.

आता माप. तू पाच फूट दोन इंच. तुला बहुतेक स्मॉल लागेल, काही कंपन्यांत एक्स्ट्रा स्मॉल. मीडियम शिल्लक असेल तर दुकानदार म्हणेल, ‘सीट खाली करून देतो ना ताई.’ ऐकू नकोस. सीट खाली केल्याने पाय पुरतात, हात नाही पुरत. हँडल लांब राहतं, आणि तासाभरात मान, खांदे, तळहात बोलायला लागतात. आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टेकवून उभी राहा. जांघ आणि नळी यांत दोन इंच तरी मोकळे हवेत, कारण दगडांत अचानक उतरावं लागतं. चाकांवरून वाद घालू नकोस. २९ इंची चाक खड्ड्यांवरून सहज जातं, हे खरं. पण लहान मापाच्या फ्रेमला काही कंपन्या मुद्दाम साडेसत्तावीसचं देतात, आणि वळणावर ते तुझ्या हाताला हलकं लागेल.

फोर्कबद्दल, म्हणजे पुढच्या शॉकबद्दल, मात्र मला जास्त बोलायचंय, कारण हलक्या वजनाच्या बाईचं नुकसान नेमकं इथे होतं. स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते, आणि ती बहुतेक वेळा तुझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसाच्या हिशोबाने बसवलेली असते. तू ५० किलोची. तुझ्या वजनाला ती धड दबतच नाही. म्हणजे जवळजवळ अडीच किलोचा फोर्क तू चढावर ओढत न्यायचा आणि उतारावर धक्के पुन्हा मनगटांनीच खायचे. एअर फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा असते. शॉक पंपाने ती तुझ्या वजनापुरती भरता येते. १०० मिलिमीटरचा फोर्क असेल तर तू सायकलवर बसल्यावर तो २० ते २५ मिलिमीटर खाली बसला पाहिजे. फोर्कच्या दांड्यावरचं रबरी कडं किती सरकलं त्यावरून मोजता येतं. दुकानातच मोजून घे. आपल्यासारख्या चढउताराच्या वाटांना, म्हणजे क्रॉस-कंट्रीला, १०० ते १२० मिलिमीटर भरपूर झाले. महामार्गासाठी लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू न देणारी कळ, हवीच.

आत्ता एअर फोर्क बजेटमध्ये बसत नसेल तर काय? तर फ्रेम तरी अशी घे, की पुढे तो बसवता येईल. पुढची नळी खाली रुंद होत गेलेली, म्हणजे टेपर्ड हवी. चांगले एअर फोर्क आता जवळजवळ सगळे तसेच येतात. चाकांना थ्रू-ॲक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड आस, मिळाला तर उत्तम. गिअर, टायर, हँडल, सीट हे सगळं पुढेमागे बदलता येतं, फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जास्तीचे पैसे फ्रेम आणि फोर्कमध्ये घाल, चकचकीत गिअरमध्ये नको.

गिअरच्या आकड्यावर तर जाऊच नकोस. २१ गिअरच्या सायकलीत पुढचं सगळ्यात लहान चक्र २४ दात्यांचं आणि मागचं मोठं २८ चं असेल, तर पॅडलच्या एका फेरीत चाक ०.८६ फेरी फिरतं. पुढे एकच ३० दात्यांचं चक्र आणि मागे ५१ चं असेल, तर ०.५९. चढावर तुझ्या गुडघ्यांना हा फरक लगेच कळेल. पुढे एक, मागे दहा-अकरा गिअर पुरे. मागच्या चक्रांचा संच फ्रीव्हीलचा नको, कॅसेटचा हवा.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच घे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट टॅमल्पेसजवळच्या उतारावर पहिल्यांदा शर्यती लागल्या, तेव्हा जुन्या जड सायकलींच्या मागच्या हबमधलं ग्रीस ब्रेक मारून मारून जळायचं आणि उतार संपल्यावर ते नव्याने भरावं लागायचं.  आता तुला एका बोटाने थांबता आलं पाहिजे. तुझे हात लहान आहेत. लिव्हर आत घेण्याचा स्क्रू असतो, तो फिरवून घे.

आता दुकानात कुणी बोलणार नाही ते. सायकलबरोबर येणारी सीट तुला टोचेल, बधिरही करेल. लाजून सोसत बसू नकोस. जाड पुठ्ठ्यावर घट्ट बसून ऊठ, दोन हाडांचे खळगे उमटतील. त्यांतलं अंतर मोज आणि त्याला साजेल अशा रुंदीची सीट घे. गुबगुबीत जेलचं कव्हर नको. पॅडची शॉर्ट्स घे, तिच्या आत काहीही घालायचं नसतं, आणि घरी आलीस की लगेच बदल. पाळीच्या दिवसांत जमेल तेवढंच चालव.

आई म्हणेल, मुलीला डोंगरातली सायकल कशाला. तिला संगमनेरच्या प्रणिता सोमणचं नाव सांग. माउंटन बायकिंगचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय तिने.

बिल पक्कं घे, त्यावर फ्रेमचा नंबर लिहून घे. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, किंमत विचारताना लक्षात ठेव. सगळे पैसे सायकलीतच संपवू नकोस. हेल्मेट, शॉक पंप, जादा ट्यूब आणि दिवे यांच्यासाठी बाजूला काढ. मिठागरांच्या बांधांवर बाभळीचे काटे फार, तेव्हा ट्यूबलेस होणारी रिम मिळाली तर सोडू नकोस.

तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे, बिबट्याचं रान आहे. वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच आत जा, रुळलेला रस्ता सोडू नकोस, आणि उजेड असेपर्यंत परत ये. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला चालणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा नकोच. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी चढलेलं दिसलं की तिथूनच मागे फिर. पहिल्या काही वेळा सोबत कुणी तरी असू दे.

अर्नाळ्याच्या वाळूतून आलीस तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धू, पुसून चेनला तेल दे. जोराचा पाइप बेअरिंगवर मारू नकोस. पहिल्या महिन्याभरात केबल आणि आरे थोडे सैल होतात, ते दुकानातून घट्ट करून घे. फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिस साधारण ५० तास चालवल्यावर करायची असते. ती कोण करतो, हे सायकल घेतानाच विचार. काउंटरवरच्या माणसाला नाही, आतल्या मेकॅनिकला.