गाळाने शिकवलेल्या गोष्टी

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात माझी बरीच नोकरी झाली. रानातून धान्याबरोबर शहरात आलेला कस पुन्हा रानात जावा, असं मला मनापासून वाटतं. त्या धडपडीत कळलेलं हे थोडं.

१. आधी गटार सांभाळा. प्लेटिंगचे कारखाने आपलं पाणी घरगुती ड्रेनेजमध्ये सोडतात, तेव्हा त्यातलं क्रोमियम, निकेल, कॅडमियम जिवाणू पचवू शकत नाहीत. पाणी स्वच्छ होतं आणि धातू गाळात साठतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे ५ मिलिग्रॅमहून जास्त कॅडमियम चालत नाही. एकदा गाळात मिसळलेले धातू वेगळे काढणं आपल्याकडे कोणालाच परवडत नाही. मोजक्या कारखान्यांपायी लाखो घरांचा गाळ बाद व्हावा, हे मला अन्यायाचं वाटतं.

२. खरी कमाई स्फुरदाची. पालाश पाण्यात विरघळून पुढे निघून जातं. नत्र बरंचसं प्रक्रियेतच हवेत जातं, काही वाळवणीवर अमोनिया होऊन उडतं. स्फुरद गाळाला धरून राहतं, आणि त्याचाच खडक आपण परदेशातून विकत आणतो.

३. पाइप तुंबवणारा पांढरा खडा हेच खत. डायजेस्टरमधला गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये पिळला की निघणाऱ्या पाण्यात अमोनिया आणि फॉस्फेट भरपूर असतं. मॅग्नेशियम मिळालं की पंपात, पाइपच्या वळणांवर स्ट्रुव्हाइटचे खडे धरतात आणि माणसं ते छिन्नीने फोडत बसतात. तेच वेगळ्या टाकीत मॅग्नेशियम क्लोराइड घालून, सामू ९ च्या आसपास नेऊन मुद्दाम घडवता येतात. पोत्यावरच्या हिशोबाने त्यात स्फुरद सुमारे २९ टक्के भरतं, डीएपीत ४६. पावसात ते सहज वाहून जात नाही. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीला ते मानवेल. विदर्भ-मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते फार सावकाश विरघळतं, तिथे बारीक करून द्यावं. मात्र या वाटेने पाण्यात उतरलेलं स्फुरदच हाती येतं. बरंचसं घट्ट गाळातच उरतं. म्हणून गाळ विसरून चालत नाही.

४. वाळला म्हणजे निर्धोक झाला, असं नाही. जंतांची अंडी कोरड्या गाळातही महिनोन्‌महिने तग धरतात. अहमदाबादेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करतात. जंतू मरतात, धातू तसेच राहतात. म्हणून पहिला मुद्दा पहिला.

५. शेतकऱ्याला तपासणीचा कागद द्या, तोही मराठीत. "साहेब, फुकट आहे ते कळलं. पण यात काय काय आहे?" हा प्रश्न मी अनेक बांधांवर ऐकलाय, आणि तो रास्त आहे. जर्मनीने २०१७ मध्ये नियम केला आणि मोठ्या केंद्रांना गाळातला फॉस्फरस परत मिळवण्यासाठी २०२९ ची मुदत घातली. आपल्या महापालिकांनी निदान दर खेपेचा धातू-तपासणी अहवाल केंद्राच्या फाटकावर लावावा. त्याला नवं यंत्र लागत नाही.