घोडीची पाठ

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तू मारवाडी घोडी आणलीस, फार बरं केलंस. दत्तजयंतीची ती यात्रा तापीकाठची आणि आपला बऱ्हाणपूरचा राजघाटही तापीकाठचाच, तेव्हा पाणी तिला परकं नाही. जागा मात्र नवी आहे. ती रुळेपर्यंत काकाचं ऐक.

नक्षीदार खोगीर बघायला पुढे वेळ आहे, आधी पाठ बघ. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत तळहात दाबत ने. कातडी थरथरली, कान मागे गेले किंवा तिने पाठ खाली दबवली, तर तिथे दुखतंय. त्या दिवशी स्वारी नाही, मग वरातीची सुपारी का घेतली असेना.

खरारा केल्याशिवाय खोगीर चढवू नकोस. पुढच्या पायांच्या कोपरामागे, जिथे तंग येतो, तिथे बोटं फिरवून बघ. सुकलेल्या चिखलाची एक खपली पुरते जखम व्हायला. नमदा थोडा पुढे ठेवून मागे सरकव, म्हणजे खालचे केस सपाट बसतात. पुढे ओढलास की केस उलटे होऊन टोचतात. खोगीर डावीकडून, अलगद ठेव, आपटू नकोस. मग मागे जाऊन वाकून बघ: कण्यावरून पुढचा उजेड आरपार दिसला पाहिजे. स्वाराचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर यावं, कण्यावर मुळीच नाही.

तंग आवळताना घोडी पोट फुगवते. पहिल्या दमात करकचून आवळू नकोस. चार पावलं चालव, मग पुन्हा ओढ. खाली दोन बोटं सपाट सरकली की झालं. चपला घालून रिकिबीत पाय घालायचा नाही. टाचेचा बूट हवा, नाहीतर पाय आरपार जाऊन अडकतो आणि घोडी उधळली की माणूस फरफटत जातो. डोक्याला हेल्मेट हवंच.

थंडीत कडियाळं तळहातात धरून कोमट कर, मगच तोंडात दे. ओठाच्या कोपऱ्याला एखादी सुरकुती पडेल इतकंच वर घे. वरातीच्या घोड्यांना काही लोक काटेरी कडियाळं घालतात, ते बघून माझा जीव तुटतो. जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनी ते बंद आहे. आपल्या दारात ते दिसता कामा नये.

घाटाच्या दगडी पायऱ्यांवरून तिला उतरवू नकोस, लोखंडी नाल घसरतात; मातीच्या उतारानं ने. पात्रातला दगडी हत्ती पहिल्यांदा बघून ती बिचकेल. थांबू दे, मनसोक्त बघू दे, लगाम खेचू नकोस.

परतताना शेवटचा टप्पा सावकाश चालीनं ये. सावलीत खोगीर उतरव आणि पाठीवरचा घाम नीट बघ. दोन्ही अंगांना सारखा ओला असेल तर खोगीर बसलंय. ओल्यात कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडतोय. पुढच्या स्वारीआधी गादी दुरुस्त करून घे. ते दुर्लक्षित केलं की आधी सूज, मग जखम, आणि भरल्यावर त्या जागी पांढरे केस उगवतात. पाणी थोडं थोडं पाज. दाणा तासाभरानं.

घोड्याला उलटी होत नाही, हे कायम ध्यानात ठेव. आत गेलेलं वाईट परत येत नाही. पोटही लहान, म्हणून कडबा-गवत दिवसभर थोडं थोडं दे. बुरशी आलेलं टाकून दे. कोवळ्या ज्वारीची किराळ लागते, तिकडे फिरकू देऊ नकोस. आपल्याकडे केळी रगड. एखाददुसरं दे, घड पुढे टाकू नकोस. पावसाळ्याचा चारा आत्ताच भर. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी हेच बजावलं होतं: दाणागवत आधीच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि तो दोष तुमच्यावर येईल. तुझी घोडी पोटाकडे वळून बघू लागली, पाय झाडू लागली, सारखी लोळू लागली, तर घरगुती काढे पाजत बसू नकोस, पशुवैद्याला बोलाव.

खूर रोज कोरून काढ, स्वारीआधी आणि नंतरही. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यावा. त्याची तारीख ठरवण्याआधी धनुर्वाताची लस टोचून घे. घोड्याला तो रोग चटकन होतो, आणि चुकलेला एक खिळा त्याला पुरतो.