गाडीचं इंजिन गेलं : दुरुस्ती, विक्री की भंगार? उत्तर तुमच्या खेपांच्या वहीत

व्हिडिओमध्ये फळ्यावर आकडे जरा घाईत झाले, म्हणून इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊनच बसा.

समजा, तुमचा मसाले-पापडांचा घरगुती उद्योग आहे. माल दुकानांत पोचवायला २०१२ ची जुनी ओम्नी आहे. एक दिवस काटा लाल रेषेवर गेला, तुम्ही "दोनच किलोमीटर राहिलेत" म्हणून गाडी रेटली आणि ती बंद पडली ती पडलीच. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, इंजिन गेलं. पंचेचाळीस हजार." दिवाळी दोन महिन्यांवर आली आहे. आता काय करायचं?

पहिली गोष्ट, "इंजिन गेलं" हे निदान नाही. पाणी आटून इंजिन तापलं आणि फक्त हेड गॅस्केट उडालं असेल, तर हेड उतरवून, लेथवर फेसिंग करून, नवीन गॅस्केट टाकून काम भागू शकतं. तेल संपून बेअरिंग धरलं असेल किंवा पिस्टन जाम झाला असेल, तर बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक असं पूर्ण काम निघतं. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेलाची पट्टी स्वतः काढून बघा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. उघडायची मजुरी द्या, पण हेड उघडल्यावर समोर उभे राहा. पार्ट, लेथ आणि मजुरी असं वेगवेगळं लिहून घ्या. तोंडी आकड्यावर निर्णय घेऊ नका. आणि विम्याच्या भरवशावर राहू नका, साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो.

आता बहुतेक जण इथे काय करतात? "मागच्याच महिन्यात चार टायर टाकलेत हो, आता कशी सोडू?" अहो, टायरचे पैसे गेले. गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. ते वहीत लिहायचेच नाहीत.

मग लिहायचं काय? (आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.) बंद गाडीला आज ३०,००० मिळतात. दुरुस्तीचा अंदाज ४५,०००, पण जुनं इंजिन उघडलं की काहीतरी निघतंच, म्हणून वीस टक्के वाढवून ५४,००० धरा. दुरुस्त करून गाडी ठेवली म्हणजे हातात येणारे ३०,००० पण सोडले. एकूण गुंतवणूक ८४,०००. हा सोडलेला पैसा लोक हमखास विसरतात. दीड वर्ष वापरून मग विकली तर समजा ५०,००० येतील. म्हणजे १८ महिन्यांना ३४,००० लागले, महिन्याला साधारण १,९००.

आता दुसरी बाजू. टेम्पो भाड्याने घेतला तर खेपेला ७००. स्वतःच्या गाडीत पेट्रोल २५०. एका खेपेला ४५० वाचतात. विमा आणि किरकोळ देखभाल महिन्याला २,०००, ते गाडी उभी असली तरी लागणार.

महिन्याला १६ खेपा असतील तर ७,२०० वाचले, २,००० गेले, राहिले ५,२००. दुरुस्ती परवडते, डोळे झाकून. पण खेपा ६ च असतील तर? २,७०० वाचले, २,००० गेले, उरले ७००. आणि गाडीला लागतायत १,९००. म्हणजे दर महिन्याला १,२०० रुपये देऊन तुम्ही "आपली गाडी" म्हणण्याची हौस करताय. गाडी तीच, गॅरेजवाला तोच, अंदाजही तोच. फक्त खेपा बदलल्या आणि उत्तर उलटं झालं. म्हणून आधी गेल्या तीन महिन्यांच्या खेपा मोजा. अंदाजाने सांगाल तर नेहमी जास्तच सांगाल, माझा अनुभव आहे.

१६ खेपा असल्या तरी एक पेच राहतो. ते ५४,००० कुठून आणणार? दिवाळीच्या कच्च्या मालाचे पैसे असतील तर थांबा. सीझनला माल नसला तर गाडी दुरुस्त होऊन रिकामी फिरेल. दोन महिने टेम्पो घ्या. १६ खेपांना ११,२०० भाडं लागेल, टोचेल, पण माल विकून पैसे मोकळे झाले की मग इंजिनचं काम काढा. व्याजाने पैसे काढून जुनं इंजिन बांधायच्या मी तरी विरोधात आहे.

आरसी पण काढून बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१२ च्या गाडीची २०२७ पर्यंत. पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली. वर पर्यावरण कर आणि गाडी फिटनेसला उभी राहील एवढा पत्रा-कामाचा खर्च. आरसीला सहाच महिने उरले असतील तर वरच्या हिशोबात १८ लिहू नका.

कोणी म्हणेल, जुन्या बाजारातून दुसरं इंजिन टाकू, स्वस्त पडतं. पडतं. पण बिल घ्या, इंजिन नंबर कुठल्या गाडीचा ते विचारा, आणि आरटीओत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर स्वस्ताई पोलीस चौकीत संपते.

आणि भंगारात द्यायची ठरली तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला किल्ली देऊन मोकळे होऊ नका. गाडी कापली की रस्त्यावर फिरली, तुम्हाला कळत नाही. नाव मात्र तुमचंच राहतं, चलन तुमच्याच मोबाईलवर येतं. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि आरसी रद्द होते. त्या प्रमाणपत्रावर नवीन गाडीची नोंदणी फी माफ होते, रोड टॅक्समध्येही सूट असते. किती ते राज्यावर आहे, तर आधी आरटीओत विचारून घ्या. चालू बॅटरी आणि ते चार नवे टायर मात्र देण्याआधी वेगळे विकता येतात का, हे केंद्राला विचारून ठेवा.