तेवीस किलोंत काय बसतं?



आज गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकातला एकच शब्द घेऊया: अपरिग्रह. निमित्त, मावसभावाचा फोन. जुलैमध्ये तो न्यूझीलंडला चाललाय, साउथलंडमधल्या एका खेड्यात, डेअरी फार्मवर नोकरी. "दादा, तेवीस किलोच्या दोन बॅगा आहेत. काय भरू?"

सहा वर्षांपूर्वी बायकोच्या नोकरीमुळे आम्ही वाइकाटोतल्या अशाच एका खेड्यात गेलो, तेव्हा मी चक्क एक्सेल शीट केली होती. त्यातलं निम्मं सामान वर्षभर बॅगेतच पडून होतं.

त्याला सांगितलं, जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. घरं बहुतेक लाकडी, एक खोली गरम आणि बाकीचं घर गारठलेलं. थर्मल्सचे दोन जोड हँडबॅगेतच ठेव. गमबूट आणि जाड जाकीट तिकडेच घे, शेतकऱ्यांच्या दुकानात चांगलं मिळतं. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त पिना तिरक्या असतात. छोटा कुकर ने आणि त्याच्या दोन जास्तीच्या रिंगा ने. खेड्यात ती रिंग कुठे शोधणार? रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात.

आणि खायचं, लाकडाचं, बियांचं जे काही असेल ते फॉर्मवर लिही. रुद्राक्षाची माळसुद्धा, कारण रुद्राक्ष ही बीच. मध नेऊच नकोस. ट्रेकचे बूट घासून धू, तळव्याला राजगडाची माती राहिली तर तीही त्यांना चालत नाही. त्या देशाचं पोट शेतीवर आहे, बाहेरून एक कीड आली तरी महागात पडतं. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड.

हे मला पाठ आहे, त्याचं कारण आई. निघताना तिनं वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या चोळून बी काढलं, कागदाची नखाएवढी पुडी केली आणि माझ्या पोथीत ठेवली. विमानात फॉर्म भरताना ‘बिया आहेत का?’ या प्रश्नावर पेन थांबलं. पोथी कोण उघडून बघणार? खरं सांगतो, ‘नाही’वर टिक करायला हात गेला होता. मांडीवर तीच पोथी होती. ‘हो’ लिहिलं.

ऑकलंडच्या विमानतळावर अधिकारी बाईंनी पुडी उघडली, काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पण पुडीवर ना नाव ना लेबल. "सॉरी," म्हणाल्या आणि ती ठेवून घेतली. दंड नाही, पोथी परत. बाहेर आलो तेव्हा मला रडू येत होतं, बायको बॅगा मोजत होती.

आईला सांगायला दोन दिवस लावले. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग आता सकाळी पाणी कशाला घालतोस?"

शेजारच्या आजींनी पुदिन्याची एक काडी दिली होती, ती खिडकीतल्या कुंडीत लावली होती. त्यालाच घालतो म्हटलं.

"बरं," आई म्हणाली, "पण मग त्याची चटणी नको करूस हो."